गुरुवारची आंघोळ

गंगाखेडात कुठला सिनेमा चांगला आणि कुठला टाकाऊ, हे आम्हाला पेपरातून कळत नव्हतं. ते कळायचं सरांच्या अंगणातल्या पाण्याच्या आवाजावरून. गुरुवारी दिवस मावळायच्या सुमाराला सर परभणीहून परत यायचे. फाटक वाजायचं. मग एक तर चपला सरळ ओसरीवर चढायच्या, नाहीतर अंगणातल्या दगडावर धबाधबा पाणी पडायचं. पाणी पडलं की समोरचा टेलर मशीन थांबवून गिऱ्हाईकाला म्हणायचा, "गेलं बिचारं. चांगलं होतं वाटतं."

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच आहे, पण सांगते. सर सिनेमाला जात नसत. ते सिनेमाच्या मयतीला जात. शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि गुरुवारी जुना उतरतो, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण जो एका आठवड्यातच आपटला, ज्याच्या शेवटच्या दिवशीच्या खेळाला कुत्रंसुद्धा फिरकत नाही, नेमका तोच सिनेमा सर शोधून काढायचे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, आणि दुपारच्या खेळाला बेतानं पोचणारी रेल्वे. चांगल्या चाललेल्या सिनेमाकडं ते ढुंकून बघत नसत. म्हणायचे, "बारशाला सगळं गाव येतंय. खांदा द्यायला कोण येतंय ते बघावं."

सिनेमा मरायच्याच लायकीचा निघाला तर सर आल्या आल्या घरात शिरून चहा मागायचे. पण लोकांनी चांगल्या धडधाकट सिनेमाचा जीव घेतला असं त्यांना वाटलं, तर ते उंबऱ्याला पाय लावायचे नाहीत. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दगडाजवळ बकेट भरून ठेवलेली असायची आणि शेजारी कडुलिंबाचा डहाळा. अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, लिंबाचा पाला चावायचा, मगच घरात यायचं. त्या दिवसापासून दाढी बंद. दहाव्या दिवशी दाढी करायची आणि ओसरीवर येईल त्याला जेवू घालायचं. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस हा! ह्यांच्या तासाला पोरं खोकायलासुद्धा भ्यायची.

मी राणीसावरगावची. अकरावीला आप्पांनी मला पेटी-वळकटीसकट सरांच्या मागच्या खोलीत आणून सोडलं. पहिल्याच गुरुवारी बघते तर सर अंगणात ओलेचिंब, पाला चावायलेत. मी जमेल तेवढं सुतकी तोंड करून काकूंकडं गेले.

"काकू, कोण गेलं?"

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सिनेमा गेला."

"काय?"

"सिनेमा गं, त्यांचा. आता दहा दिवस त्यांच्यापुढं हसू नको म्हणजे झालं. आन ही जुडी धर, निवडू लाग."

दिवाळीत घरी गेल्यावर मी हे सांगितलं तर आप्पा काळजीत पडले. पोरगी कुठल्या वेड्याच्या घरी ठेवली आपण! आईनं एकच विचारलं, "दारू पितेत का?" म्हटलं, नाही. "मग राहू द्या की. कुणाला कशाचं तर कुणाला कशाचं. आंघोळच करायलेत ना?"

सरांची मतं मात्र आंघोळीपेक्षा गार होती. सगळ्या महाराष्ट्राला रडवलेला एक सिनेमा तेव्हा आला होता. माय अंथरुणाला खिळलेली, पोरगा परदेशात, असला. आमच्या वर्गातल्या पोरी डोळे सुजवून बाहेर आल्या. मीही दुपट्टा पिळून काढण्याइतकी रडले होते. सरांनी तो पुढं टीव्हीवर बघितला आणि म्हणाले, "खोटा हाय."

"सर, अहो दगडाला पाझर फुटेल असा आहे!"

"माय मरायली ना, तव्हा कॅमेरा मायकडं बघतच न्हाई. तुमच्याकडं बघायलाय. रडायलेत का न्हाई, ते बघायलाय."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. तो सिनेमा नंतर मी पुन्हा बघायला बसले आणि एक टिपूस आलं नाही डोळ्यातून. माझं चांगलं फुकटचं रडणं हिसकावून घेतलं ह्या माणसानं.

बक्षिसं मिळवलेल्या सिनेमांवर तर त्यांचा खास दात. "हे लोकं गरीब माणूस दाखवायचा म्हटलं की त्याला इतकं हळू चालवतेत, इतकं हळू, की बघणाऱ्याला वाटावं ह्याला कामच न्हाई काही. अरे, गरीब पळत असतो!" मारामारीच्या सिनेमाला ते कधी कमी लेखत नसत, फक्त म्हणायचे, "ठोसा मारल्यावर मारणाऱ्याचाबी हात दुखायला पाहिजे." नाचगाणं सुरू झालं की, "डायरेक्टर चहाला गेला. या तुमीबी जाऊन." आणि सिनेमा संपल्यावर पडद्यावर जी नावं सरकत जातात, ती शेवटच्या नावापर्यंत वाचल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. झाडूवाला येऊन त्यांच्या पायाखालून झाडू फिरवायचा. "थांबावं जरा," ते म्हणायचे. "चितेला आग लागली की पळायचं, ही कुठली मयत?"

एकदा मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "सर, आता मोबाईलवर सगळे सिनेमे राहतात. आता सिनेमा मरतच नाही." सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी नकाशात गोदावरी उलटी वाहताना दाखवली होती. "मोबाईलवर राहतंय तो फोटो हाय. हार घातलेला."

पण त्यांची खरी कसोटी जेवणाची. "सिनेमात माणूस जेवतो कसा, तेवढं बघ. बाकी सगळं लबाडी करून जमतंय, घास न्हाई जमत. भाकर मोडतेत, तोंडापशी नेतेत आन बोलत बसतेत. भूक लागली म्हणून आभाळ डोक्यावर घेतल्याला माणूस, आन घास गिळायला तयार न्हाई!" हे ऐकल्यापासून माझंही वाटोळं झालं. आजही कुठलाही सिनेमा लावा, मी नटांच्या तोंडाकडं नाही, त्यांच्या ताटाकडं बघत असते.

त्या रडवणाऱ्या सिनेमातला नट, परदेशात गेलेला पोरगा झालेला, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून आला. सगळं गंगाखेड लोटलं होतं. आभार मानायचं काम सरांकडं. प्राचार्यांनी त्यांना आधीच बजावलं होतं, फक्त आभार माना. सर माईकपुढं उभे राहिले.

"पाहुणे, मायच्या हातची भाकर खाताना तुमी डोळ्यात पाणी आणलंत. सगळा महाराष्ट्र रडला. ती भाकर गिळली का?"

नट दिलखुलास हसला. "अहो सर, नाही हो! एकच सीन किती वेळा करावा लागतो. घास थुंकून टाकायला बाजूला बादली ठेवलेली असते."

"आभारी आहे," सर म्हणाले आणि खाली बसले.

आभार संपले. प्राचार्य लालबुंद. पाहुण्याची इज्जत काढली म्हणून गावानं सरांशी बोलणं टाकलं. टेलरनंसुद्धा काही दिवस त्यांचा सदरा शिवायला घेतला नाही. सरांना त्याचं काहीच नव्हतं. ते रोज फाटकाशी उभं राहून टेलरला विचारायचे, "कामून रे, मी खोटं बोललो का तो?" टेलर मान खाली घालून मशीन हाणायचा.

आता सरांच्या लाडक्या डायरेक्टरबद्दल सांगते. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लोक हसतात. हा माणूस भुताचे सिनेमे काढायचा. पोस्टरवर हिरव्या तोंडाची चेटकीण, रक्ताचे ओघळ, सगळा सवंग मामला. शिकलेल्या माणसानं त्या पोस्टरसमोर उभं राहू नये असे सिनेमे. सर म्हणायचे, ह्या देशात सिनेमा कळलेला एकच माणूस झाला, तो हा. आम्हाला वाटायचं, चिडवायला म्हणतात. मग त्याचा शेवटचा सिनेमा आला, आठवड्यात झोपला, आणि सरांनी नुसती आंघोळ केली नाही, तर दहाव्याला ओसरीवर बसून त्यातला एक प्रसंग सांगितला.

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. ओसरीवर पंगत बसली होती. टेलर होता, कॉलेजचे दोन शिपाई, रस्त्यानं जाणारी माणसं. समोर ताटं. सरांनी ताजी दाढी केलेल्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "एक रखवालदार हाय. मोठ्या ओसाड बंगल्यावर. दिवसभराचा उपाशी. फडक्यातली भाकर सोडून जेवाया बसला, आन मागून भूत आलं. त्याला कळलं, भूत आलंय. पुढं त्यानं काय केलं, ते बघा."

आणि सर जेवायला लागले. खरंच. एक शब्द न बोलता. भाकरीचा तुकडा मोडला, कोरड्यासात, म्हणजे त्या दिवशीच्या वरणात, बुडवला, तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा तुकडा. तिसरा. आमच्यापैकी कुणाचा हात हलेना. सरांची नजर ताटात, पण पाठ अशी ताठ झालेली की मागं कुणीतरी उभं आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. भाकर संपली. त्यांनी ताटाची कड बोटानं पुसून चाटली, पाणी प्यायलं, हात धुतला. मग सावकाश मागं वळले आणि म्हणाले, "हं. बोल."

देवाशपथ सांगते, मी मागं वळून बघितलं. टेलरनंही बघितलं. भर दुपार, लख्ख ऊन, भिंतीला टेकवलेली सायकल आणि मागं दुसरं काहीच नाही.

"भुताला थांबाया लावलं त्यानं," सर म्हणाले. "आधी जेवण, मग भूत. हे ज्याला सुचलं त्याला लोकं भुताचे सिनेमेवाला म्हणतेत."

त्या दुपारी माझ्या मनानं घेतलं की आपल्याला हेच करायचं आहे. जवळ ना कॅमेरा, ना पडदा, नुसत्या एका भाकरीनं ह्या माणसानं ओसरीभर माणसांना भूत दाखवलं होतं. मी आजवर पुण्या-मुंबईतली मोठमोठी माणसं बघितली, त्यांच्या हाताखाली राबले, पण तसं पुन्हा काही बघितलं नाही.

सरांना सांगितलं तर शाबासकी वगैरे काही नाही. "सिनेमा काढणार? लोकं मारतील. बघ, सोसंल तर काढ." आप्पांना सांगितलं तर त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग तडजोड झाली. एक सिनेमा काढ. नाही जमलं तर गपगुमान परत ये, बी.एड. कर, शाळेत लाग.

माझा पहिला सिनेमा आमच्याच गावाकडून ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईवर होता. तो कसा उभा राहिला ते विचारू नका. परभणीत शुक्रवारी लागला आणि रविवारीच कळून चुकलं की गुरुवार काही चुकत नाही. आप्पांचा निरोप आला, बी.एड.चे फॉर्म निघालेत. पण मला खरं सांगायचं तर ना लोकांचं काही वाटत होतं, ना पेपरवाल्यांचं. मला एकच पाहिजे होतं. सरांनी माझ्या सिनेमासाठी डोक्यावरून पाणी घ्यावं. ते झालं असतं तर मी कुणालाही सांगितलं असतं की जा, उडत जा. आणि नाही झालं तर बी.एड.

गुरुवारी मी फाटकाशी हजर. सर पांढऱ्या कपड्यांत बाहेर आले. मी म्हटलं, मीही येते. काकू आतून म्हणाल्या, "मयतीला बाया मसणात जातेत का कुठं?" त्या स्वतः त्याच कारणावरून आजवर एकदाही सरांबरोबर गेलेल्या नव्हत्या. सर म्हणाले, "तिचंच लेकरू हाय. तिला कोण आडवणार?"

थेटरात आम्ही दोघंच. मॅनेजर म्हणाला, माणसं नाहीत, खेळ रद्द. सर बाहेर पडले आणि थोड्या वेळानं बसस्टँडवरून माणसं घेऊन आले. जिंतूरची बस फेल झाली होती, ते सगळे प्रवासी. पिशव्या, गाठोडी, एक पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा. "पंखा हाय, खुर्ची हाय, तिकीट माझ्याकडं. बस आली की मी उठवतो," असं सांगून आणलं होतं त्यांना. अर्धे लोक गार हवेत घोरायला लागले. कोंबडी अधूनमधून बोलायची. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खेळ असा झाला. सर शेवटचं नाव वाचून झाल्यावरच उठले.

रेल्वेत ते खिडकीबाहेर बघत बसले. मी त्यांच्या तोंडाकडं. फाटक उघडलं. दगडाजवळ बकेट भरलेली, लिंबाचा डहाळा ठेवलेला. समोर मशीन थांबलेली. सर दगडापाशी आले, चपला काढल्या, तांब्या भरला.

त्यांनी फक्त पाय धुतले. आधी उजवा, मग डावा. आणि घरात गेले.

टेलर गळ्यात टेप घेऊन फाटकापर्यंत आला. "ताई, हे काय नवीन? ह्याचा अर्थ काय धरायचा?" मला कुठं माहीत होतं? मी ओसरीच्या पायरीवर बसून घळाघळा रडायला लागले, आणि तेवढ्यातही मनात आलं, आता कुणी कॅमेरा माझ्याकडं धरू नये.

सर बाहेर आले. "रडायला काय झालं? अर्धा मेला, तो मरायचाच होता. अर्ध्याला लोकांनी मारलं. अर्ध्यासाठी डोक्यावरून पाणी कसं घेऊ?"

"कुठला अर्धा सर?"

"ती बाई पहाटं उठती. भाकरी बडवती. नवऱ्याला वाढती, पोरांला वाढती, मुकादम आला त्यालाबी वाढती. लय झ्याक दाखवलंस, लय झ्याक. मग ती जेवली कव्हा?"

मी म्हणाले, "सर, ते दाखवलं असतं तर कथा पुढं गेली नसती."

"कथा पुढं गेली, बाई मागं राह्यली."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सगळं ऐकलेलं असावं. कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "तिला कामून बोलायलात? तुमी तरी कव्हा बघितलंय, मी जेवल्याली?"

प्राचार्यांपुढं, पाहुण्यापुढं, अख्ख्या गावापुढं गप्प न बसलेला माणूस, चहा निवेपर्यंत गप्प बसून राहिला.

बी.एड.चा फॉर्म मी भरला नाही. अर्धं पाणी अंगणात बाकी होतं, ते सोडून शाळेत कशी लागणार? आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर एकदा दुपारच्या वेळेला गेले तर स्वयंपाकघरात वेगळाच तमाशा. काकू जेवायला बसलेल्या आणि सर समोर पाट टाकून त्यांच्याकडं टक लावून बघायलेले. काकू वैतागून मला म्हणाल्या, "बघ गं बाई, तुझ्या सिनेमापासून हे नवीन खूळ. घासच गिळू देईनात. अहो, तिकडं तोंड करा की!"

"बघू दे," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळून, भूगोलाच्या तासाला बोलायचे तशा आवाजात, "ही भाकरीचा शेवटचा तुकडा कोरडाच खाती. रोज. मी इतके सिनेमे बघितले, हे बघितलं न्हाई. कामून खातीस गं कोरडा?"

काकूंनी तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "कोरड्यास पुरत न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमचं सगळ्यांचं झाल्यावर बसते ना मी. जेवढं उरंल तेवढं." आणि ताट उचलून मोरीकडं गेल्या.

सर गेले ते गुरुवारी नाही, साध्या मंगळवारी. खांदा द्यायला माणसं मावेनात. शिकवलेली पोरं कुठून कुठून आली होती. टेलर रडत रडत मला म्हणाला, "सर बघायला पाहिजे होते ताई. म्हणले असते, एवढी गर्दी झाली म्हणजे आपल्यात कायतरी खोट हाय." मला रडता रडता हसू फुटलं.

माझा दुसरा सिनेमा तेव्हा अर्धा झाला होता. देवगाव फाट्यावर खानावळ चालवणाऱ्या बाईचा. ट्रकवाले, एसटीवाले, येणारेजाणारे, दिवसभर सगळ्यांना वाढणारी बाई. सगळे जेवून गेल्यावर ती दाराला फळकूट लावते, उरलेलं घेऊन बसते आणि जेवते. अख्खी भाकर. नटीला मी आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं. तिनं ते मनावर घेतलं, आणि मी सांगितल्याप्रमाणं शेवटचा तुकडा कोरडा खाल्ला. माझ्या एडिटरनं हातापाया पडून सांगितलं, काप हे, पब्लिक उठून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. पब्लिक उठून गेलं. शुक्रवारी लागला, आणि गुरुवार आला.

मला परभणीला जायचा धीर होईना. बघणार कोण आणि सांगणार कोण? ज्याच्यासाठी केलं तो माणूसच राहिला नव्हता. तरी पाय सरांच्या घराकडं वळले. बघते तर काकू फाटकात उभ्या. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, हातात पिशवी.

"कुठं निघालात काकू?"

"परभणीला."

"पण तुम्हीच म्हणायच्या ना, बाया मयतीला..."

"न्हाई जात. पर घरात पुरुष माणूस न्हाई, तर जावंच लागतंय. चल, गाडी सुटंल."

काकूंना थेटरात अंधारात चालता येईना, मी हात धरून बसवलं. आमच्याशिवाय पुढं कुणी दोन-चार पोरं होती, ती मध्येच उठून गेली. काकूंनी पूर्ण वेळ पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. खानावळीतली बाई जेवायला बसली तेव्हा मी पडद्याकडं बघितलंच नाही. मी काकूंकडं बघत होते. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. बाईनं शेवटचा तुकडा उचलला, कोरडाच तोंडात घातला, आणि मला दिसलं की काकूंचा जबडा तिच्याबरोबर हलतोय. नावं सरकायला लागली. काकूंना वाचता येत नाही. तरी त्या शेवटचं नाव जाईपर्यंत उठल्या नाहीत.

रेल्वेत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, अगदी सरांसारख्या. फाटक वाजलं. मी पुढं होऊन दाराचं कुलूप काढायला लागले.

"थांब," मागून काकू म्हणाल्या. "आधी बकीट भर."

मी बकेट भरून दगडाजवळ ठेवली. शेजारच्या लिंबाचा डहाळा मोडून आणला. काकू पदर सावरून दगडावर बसल्या, तांब्या भरला आणि सरळ डोक्यावर ओतला. मग दुसरा. मग आणखी. पांढरं पातळ अंगाला चिकटलं, केसांतून पाणी ओघळायला लागलं, त्या ओततच राहिल्या. समोरची मशीन थांबली. टेलर दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला आणि आज काहीच बोलला नाही.

मी पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागले. काकूंनी लिंबाचा पाला तोंडात घातला, कडू तोंड केलं, चावून चावून गिळला आणि ओल्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या,

"दहाव्याला ये. त्या दिशी आधी आपण दोघी जेवू. मग गावाला वाढू."